पोस्टमनची जाई

प्रफुल्लवर मी पहिल्यांदा चिडले ते माझ्या नातवावरून. रुचा, माझी मुलगी, बाळाला घेऊन आठ दिवस राहायला आली होती. प्रफुल्ल डबा परत द्यायला आला आणि म्हणाला, "छोटे साहेब कुठायत?" मी म्हटलं, "झोपलाय." तर हा माणूस बूट काढून सरळ आतल्या खोलीत गेला आणि क्रिबपाशी उभा राहिला. बोलेना, हलेना. तापट आहे मी, लपवून काय उपयोग. "अरे, झोपलाय म्हटलं ना? उठवशील त्याला! चल बाहेर!" तरी बाळाचं पांघरूण वरखाली होताना नीट बघूनच हा बाहेर आला.

"सॉरी, शैलजाताई," म्हणाला. "कुणी झोपलंय म्हटलं की मला एकदा बघावंच लागतं."

मग चहा ठेवला आणि सगळं ऐकून घेतलं. प्रफुल्ल नेपरव्हिलला आमच्याच रांगेत, दोन घरं सोडून राहतो. मूळचा नागपूरचा, इंदोऱ्याचा. शिकागोतल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी, सकाळी सव्वाआठची ट्रेन. वय त्रेचाळीस, लग्न नाही. पाच वर्षांपूर्वी त्याच्या व्हिसाचं रिन्यूअल अडकलेलं असताना त्याची आई, जाईबाई, आजारी पडली. तेव्हा अमेरिका सोडली असती तर परत येता आलं नसतं, नोकरीही गेली असती. हे वडिलांना, शंकररावांना, पक्कं ठाऊक होतं. त्यांनी आजारपण कळवलंच नाही. रविवारी यानं नेहमीसारखा फोन लावला तर म्हणाले, "झोपलीय रे ती." सोमवारी पुन्हा लावला. "आत्ताच डोळा लागला." हा म्हणाला, "उठली की सांगा तिला, माझा फोन आला होता." ते म्हणाले, "सांगतो." मंगळवारी खरं सांगितलं. जाईबाई शनिवारीच गेल्या होत्या, रविवारी सकाळी सगळं आटोपलंही होतं.

आपल्याकडे ही रीतच पडलीय. परदेशातल्या माणसाला वाईट बातमी गरम गरम वाढायची नाही, निववून द्यायची. माझ्या माहेरच्यांनीही माझ्याशी हेच केलंय, आणि मीही पुढे दुसऱ्यांशी केलंय. पण प्रफुल्लला तो "सांगतो" काही सोडेना. "फोन ठेवल्यावर ते काय करत असतील, ताई? सांगायला घरात कुणी नाही, आणि ते मला सांगतो म्हणाले." त्यानं वडिलांना याबद्दल कधी एक अक्षर विचारलं नाही. त्यांनीही विषय काढला नाही.

त्याच्या पुढच्या वसंतात त्यानं समुद्रघोडे आणले. मी म्हटलं, लग्न कर, कुत्रा पाळ, हे काय खूळ? पण खुळातही माणूस शिस्तीचा. आधी दोन महिने काचेच्या टँकमध्ये नुसतं खारं पाणी फिरवत ठेवलं, रोज तपासलं. मग फ्लोरिडात समुद्रघोड्यांची पैदास करणारी एक बाई आहे, तिच्याकडून जोडी मागवली. दुकानात त्याच्या निम्म्या किमतीत मिळत होते. "ते समुद्रातून ओढून आणलेले असतात," तो म्हणाला. "गोठवलेलं खात नाहीत. जिवंत काही हललं तरच खातात, नाहीतर उपाशी मरतात. हे टँकमध्येच जन्मलेले, मेलेली बारीक कोळंबी खायला शिकलेले. यांना दुसरं घर माहीतच नाही."

थर्माकोलच्या खोक्यातून रातोरात आले. बोटाएवढे. एक करडा नर, एक हळदीसारखी पिवळी मादी. प्रफुल्लनं फोन टँकच्या डाव्या कोपऱ्यात स्टँडवर लावला आणि वडिलांना दाखवले. आपल्या सकाळचे साडेसात म्हणजे हिवाळ्यात नागपूरला संध्याकाळचे सात. शंकरराव आयुष्यभर पोस्टमन होते. नराच्या पोटावरची पिशवी बघून म्हणाले, "हा आपल्या खात्यातला दिसतो. थैली घेऊन फिरतोय." पिल्लं नराच्या पिशवीत वाढतात हे कळल्यावर तर फारच खूश झाले. झालं, नराचं नाव पोस्टमन. मादीकडे मात्र बराच वेळ बघत राहिले. ती मान खाली घालून डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायची. "तुझी आई रागावली की अशीच बघायची," म्हणाले. तिचं नाव जाई पडलं.

तेव्हापासून रोज साडेसातला हा कार्यक्रम. या जातीत जोडी रोज सकाळी एकमेकांना भेटते. टँकमध्ये एक उभी लाल काडी होती. पोस्टमन यायचा, जाई यायची, दोघं त्याच काडीला शेपटी गुंडाळून गोल गोल फिरायची. तिचा रंग उजळायचा. पाच-सात मिनिटं हे चालायचं, मग दिवसभर दोघं आपापल्या कोपऱ्यात. "आम्ही तरी काय वेगळे होतो?" शंकरराव म्हणायचे. "सकाळचा चहा एकत्र. मग मी टपालाला, ती तिच्या शाळेत." बायपास झालेला, एकटा राहणारा म्हातारा त्या पंधरा मिनिटांवर दिवस काढायचा. त्यांना फोन बंद करता यायचा नाही. "ठेवतो रे, जय भीम," म्हणायचे आणि फोन टेबलावर नुसता आडवा ठेवून द्यायचे. इकडून प्रफुल्ल लगेच कट करून ट्रेनला पळायचा.

आता माझं पाप सांगते.

गेल्या जानेवारीत प्रफुल्ल ट्रेनिंगला चार दिवस ह्यूस्टनला गेला. टँकची जबाबदारी माझ्यावर. कागद लिहून दिला होता: दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी अकरा कोळंब्या, वीस मिनिटांनी उरलेलं नळीनं ओढून काढायचं. पहिला दिवस मी मोजून घातलं. दुसऱ्या दिवशी जाई काचेशी येऊन माझ्याकडे बघायला लागली. त्या प्राण्याला जठरच नसतं म्हणे, त्यामुळे ते सदा भुकेलेलं दिसतं. हे मला ठाऊक होतं, प्रफुल्लनं दहादा सांगितलं होतं. पण माझा हात कुणाच्या पानात एकदाच वाढणारा नाही. अजून दोन घातल्या. मग अजून चार. उरलेलं काढलं, पण दगडामागे काय गेलं ते वाकून बघितलं नाही. गुडघे दुखत होते. हेच खरं कारण, दुसरं काही नाही.

तो परतला तेव्हा जाई तळाशी आडवी, धापा टाकत होती. त्यानं पाणी तपासलं, तिला वेगळ्या भांड्यात घेतलं, औषध दिलं. मी विचारलं, "माझ्यामुळे?" तो म्हणाला, "होतं कधीकधी, ताई." दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मंगळवारी पहाटे जाई गेली.

साडेसातचा फोन तोंडावर आलेला. "बाबांना कसं सांगू? ते तिच्याशी बोलतात, ताई. तिला विचारतात जेवलीस का म्हणून."

"सांगायचं कशाला?" मी म्हटलं. डोकं चालवलं ना मी! "हार्टचं माणूस. त्याच बाईकडून तशीच पिवळी मागव. त्यांना काय कळतंय?"

तेवढ्यात फोन वाजला. शंकररावांचा चेहरा आला, पाठीमागच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि तिच्या शेजारी जाईबाईंचा फोटो. पोस्टमन लाल काडीपाशी येऊन थांबला होता. "जय भीम, शैलजाबाई. जाई कुठाय आज?"

प्रफुल्ल टँकपासून मागे सरकला. म्हणून मीच घाईनं बोलले, "झोपलीय, काका. त्या दगडामागे."

म्हटलं आणि प्रफुल्लकडे बघितलं. बाई गं! माझ्या नातवाच्या क्रिबपाशी उभा होता, तेव्हाचा तोच चेहरा. जीभ चावून उपयोग नव्हता. शंकररावांनी एकदा पोस्टमनकडे बघितलं. मग म्हणाले, "असू दे. झोपू दे."

फ्लोरिडाची बाई चोख निघाली. नेपरव्हिलला उणे वीस आहे, या थंडीत खोकं पाठवलं तर मेलेलं पोचेल, मी पाठवणार नाही, म्हणाली. थंडी ओसरेपर्यंत शिपिंग होल्ड. मी प्रफुल्लला म्हटलं, दुसरीकडून मागव, ते समुद्रातले तरी लवकर मिळतील. तो माझ्यावर पहिल्यांदाच ओरडला. "आणखी किती मारायचे, ताई?"

मग सुरू झालं ते. बुधवारी झोपलीय. गुरुवारी टँकचा लाईट बिघडलाय, नीट दिसत नाही. शुक्रवारी पुन्हा झोपलीय, आता प्रफुल्लच्या स्वतःच्या तोंडून. मी रोज जायची, माझ्यानं घरी बसवेना. रोज पोस्टमन काडीला शेपटी गुंडाळायचा आणि समोर कुणी असल्यासारखा हळूच एक फेरी मारायचा. मग थांबायचा. वाट बघायचा. पुन्हा फेरी. मला ते बघवत नसे आणि नजरही हलत नसे. प्रफुल्लचं जेवण सुटलं. एका संध्याकाळी मला म्हणाला, "ताई, आता मला कळतंय. खोटं बोलताना त्यांना समोरच्या खोलीतली रिकामी गादी दिसत असेल."

"मग सांगून टाक!" मी म्हटलं.

"आणि त्यांना काही झालं तर? मी आजही लगेच निघू शकत नाही."

नऊ दिवसांनी, गुरुवारी, साडेसातला फोन लागला. शंकररावांनी त्या दिवशी चष्मा पुसून घातला होता. पोस्टमन काडीशी आला, एकटाच फिरला. म्हाताऱ्यानं पूर्ण फेरी बघून घेतली.

"प्रफुल्ल, जाई?"

"झोपलीय, बाबा."

"किती दिवस झाले?"

प्रफुल्ल खुर्चीत बसला. "नऊ," म्हणाला.

"मी तीनच दिवस लपवलं होतं," शंकरराव म्हणाले. "तू वस्ताद निघालास." हसायला गेले, जमलं नाही. "मला पहिल्याच दिवशी समजलं रे. ते वाक्य माझंच आहे, मी ओळखणार नाही?"

"मग बोलला का नाही तुम्ही?"

"तू सांगशील म्हणून थांबलो. कशानं गेली?"

"होतं कधीकधी, बाबा," प्रफुल्ल म्हणाला. मला पाठीशी घालत होता.

"नाही काका," मी फोनसमोर गेले. "माझ्या हातून गेली. हा गावाला गेला होता. ती बघायची म्हणून मी जास्त खाऊ घातलं, आणि उरलेलं काढलं नाही. पाणी सडलं. आणि झोपलीय म्हणायचं पापही माझंच." मी रडत होते, साठीच्या बाईनं रडावं तशी, नाक ओढत.

शंकररावांनी मागे वळून भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं. मग म्हणाले, "आमची जाई शेवटच्या दिवशी वरणभात मागत होती. डॉक्टर नको म्हणाले, म्हणून मी दिला नाही. संध्याकाळी गेलीच." त्यांनी चष्मा काढला. "तुम्ही निदान दिलंत, शैलजाबाई."

हे प्रफुल्ल पहिल्यांदा ऐकत होता. पाच वर्षांत पहिल्यांदा. त्यानं तोंडावर हात दाबून धरला.

"ती फ्लोरिडाची बाई पाठवेल तेव्हा नवीन आण," शंकरराव त्याला म्हणाले. "पोस्टमन एकटा पडलाय. पण तिचं नाव जाई ठेवू नको. आणि रडू नको, ट्रेन चुकेल. ठेवतो रे, जय भीम."

"जय भीम, बाबा."

नेहमीसारखा त्यांनी फोन टेबलावर आडवा ठेवला. पडद्यावर नुसतं छत आणि फिरणारा पंखा. प्रफुल्लचा अंगठा लाल बटणावर गेला, आणि तिथेच राहिला. त्यानं कट केला नाही. मी बोलणार होते, त्यानं हातानंच थांबवलं.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग चपला, सावकाश, भिंतीच्या दिशेनं. मग थांबल्या.

"जाई, उठलीस का?" शंकररावांचा आवाज आला. "प्रफुल्लचा फोन आला होता."

सव्वाआठची ट्रेन त्या दिवशी चुकली.