कानपिळ्या आणि पाचवा हब

कामगार दवाखान्यात कान तपासणाऱ्या गृहस्थाला सगळे कानपिळ्या म्हणत, आणि ते काही लाडानं नव्हे. एकोणतीस वर्षं तो एकाच खोलीत बसून लोकांचे कान तपासत होता. एवढ्या काळात त्याच्या तोंडून एक गोड शब्द निघाल्याचं कुणाला आठवत नव्हतं. प्रेसवरचा कामगार येवो की बॉयलरवरचा, सुरुवात ठरलेली: "कानात बोळे घालून आलास काय?" म्हातारा शिपाई त्याच्या टेबलावर चहा ठेवायचा आणि वळूनही न बघता सटकायचा.

पण त्याचा अहवाल म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, हे त्याचे शत्रूही कबूल करायचे. आणि शत्रूंची त्याला कधी वाण पडली नाही. रोज सकाळी दार उघडण्याआधी तो स्वतः हेडफोन चढवायचा आणि जाड आवाजापासून बारीक शिट्टीपर्यंत एकेक सूर वाजवून बघायचा. सगळे ऐकू आले की मग पहिला कामगार आत. "आधी माझा कान, मग रांगेचे," असं तो म्हणायचा, आणि ते म्हणताना त्याची छाती दोन बोटं फुगायची.

त्याच्या शत्रूंत पहिला नंबर भांडारवाल्या बाईचा. दवाखान्यातला कापूस, सुया, कागद, बल्ब, सगळं तिच्या हातून जायचं. अकरा वर्षांपूर्वी तिचा धाकटा भाऊ तपासणीला आला होता. बारीक सूर त्याला ऐकू येत नव्हते आणि नोकरी जाईल म्हणून त्याची पाचावर धारण बसली होती. तपासायच्या बंद केबिनला एक काच होती. त्या काचेतून कानपिळ्याचं बोट कधी हलतं ते बघून तो हात वर करत होता. कानपिळ्यानं ते पकडलं, त्याला खुर्ची फिरवायला लावली आणि फॉर्मवर 'अपात्र' लिहिलं. तेवढ्यावर थांबेल तर तो कानपिळ्या कसला! खाली 'लबाडी केली' असंही जोडलं. अपात्र होता हे बाईलाही मान्य होतं. पण खालच्या त्या ओळीपायी भावाला दुसऱ्या खात्यातही कुणी उभं केलं नाही, आणि ते ती विसरली नाही. तेव्हापासून ती त्याला 'साहेब' म्हणायची, तेही अशा सुरात की त्यापेक्षा शिवी बरी.

यंदा जुनं लोखंडी यंत्र बंद पडलं. त्याला दाबायला एक जाडजूड पट्टी होती, ती तब्बल एकोणतीस वर्षं टकटक करत राहिली. त्याच्या जागी पुस्तकाएवढा एक डबा आला. तो लॅपटॉपला जोडायचा आणि लॅपटॉपच्याच बटणांवर सूर वाजवायचे. पहिले काही दिवस सकाळचे सूर ऐकायचे ते डबा बसवायला आलेल्या कंपनीच्या माणसानं, अशी हमीची अट होती. लॅपटॉप होता पापडासारखा पातळ, आणि त्याला भोकं दोनच, तीही चिमुकली. एकात चार्जर गेला की उरलं एक. डबा, प्रिंटर आणि माऊस, तिघांना जोडायचं तर मध्ये हब पाहिजे. हब म्हणजे काय हे ज्याला ठाऊक नसेल तो सुखी. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी निदान एकदा तरी तो भिंतीवर आपटलेला असतो.

वेळ फार नव्हता. महिनाअखेरीपर्यंत एका कारखान्याचे एकशे ऐंशी कामगार तपासून द्यायचे होते. न जमल्यास ते काम बाहेरच्या फिरत्या गाडीला जाणार आणि खोली बंद होणार, असं मोठ्या डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. खोली बंद म्हणजे कानपिळ्याची रवानगी नोंदणीच्या खिडकीवर, ज्या लोकांवर तो जन्मभर खेकसला त्यांना नंबराची चिठ्ठी फाडून द्यायला.

बाईनं पहिला हब आणला तो सगळ्यात कमी भावाचा. तळहाताएवढा प्लास्टिकचा तुकडा आणि बोटभर वायर. तिसरा कामगार केबिनमध्ये हात अर्धा वर करून बसलेला असताना प्रिंटरनं कागद ओढला आणि डबा ठप्प. कानपिळ्या हब उपटून थेट भांडारात.

"याला स्वतःची वीज नाही," तो ओरडला. "लॅपटॉपच्या ताटातलं हा तिघांना वाढणार आणि तिघंही उपाशी! बघून आणत नाही का तुम्ही?"

"नियमात बसतं ते आणते, साहेब."

दुसरा आला तो चकचकीत धातूचा, सात तोंडांचा. टीव्ही जोडायचं तोंड, कार्ड घालायचं तोंड, नको ते सगळं होतं. अर्ध्या तासात एवढा तापला की बोट टेकवेना, आणि मग दर दहा मिनिटांनी कनेक्शन तुटायला लागलं. याही वेळी कानपिळ्याच खरा ठरला, आणि तिथंच घोळ झाला. दोनदा खरं ठरलेल्या माणसाला तिसऱ्यांदा कोण विचारणार? त्यानं स्वतः तर नाहीच विचारलं.

त्यानं कागदावर अटी लिहून पाठवल्या. हबला स्वतःचा अडॅप्टर हवा. त्याची ताकद अडॅप्टरवरच छापलेली हवी, खोक्यावरच्या बाता नकोत. वायर काढता-घालता येणारी हवी. तोंडं चारच चालतील, पण सैल नकोत. सगळं जोडून अर्धा तास चालवल्याशिवाय तो सही करणार नाही. अशा एकंदर सात.

बाईनं कागद वाचला आणि शिपायाला म्हणाली, "विचार त्यांना, हब हवाय की जावई?"

तिसरा हब सगळ्या अटींत बसला. कंपनीचा माणूस आता गेला होता, म्हणून सकाळी कानपिळ्यानं स्वतः हेडफोन चढवले. जाड सूर आले, मधले आले, आणि शेवटचे दोन, अगदी बारीक शिट्टीचे, ते आलेच नाहीत. पुन्हा दाबलं. काही नाही. "मेला!" म्हणून त्यानं कागदावर 'सदोष' लिहिलं आणि बाहेर बसलेल्या बावीस जणांना परत पाठवलं. त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. एक जण बोलायला गेला तर त्यालाच झापलं.

चौथा हब वेगळ्या कंपनीचा होता. त्यातही तेच दोन सूर गायब. पुन्हा 'सदोष', पुन्हा रांग परत. आता अख्ख्या दवाखान्यात बाईचं नाव झालं, की हिला एक धड वस्तू आणता येत नाही. मोठ्या डॉक्टरांनी तिला बोलावून चार शब्द सुनावले. ती मूग गिळून ऐकत राहिली आणि बाहेर येऊन एवढंच म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं." कानपिळ्या दारातच होता, पण ते त्याच्यापर्यंत पोचलं नाही. पोचलं असतं तर छप्पर उडालं असतं.

घरी लेक फोनवर हब शोधत बसली. "बाबा, याला साडेचार तारे आहेत."

"तारे वाटायला कुणाच्या बापाचं काय जातं! अडॅप्टर किती ताकदीचा ते सांग."

"सांगितलं की मघाशी. दोनदा." तिनं फोन बाजूला ठेवला. "पण मला एक कळत नाही. हब बिघडला तर डबाच बंद पडेल. वेगवेगळ्या कंपन्यांच्या दोन हबांत नेमके तेच दोन सूर कसे गायब होतील?"

"सगळा माल एकाच कारखान्यातला असतो! वरची नावं तेवढी वेगळी. तू मला शिकवू नकोस." आवाज एवढा चढला की बायको आतून बघायला आली. बघून तशीच परत गेली. इतक्या वर्षांत तिनंही कानाला खडा लावला होता.

महिना संपायला नऊ दिवस उरले तेव्हा पाचवा आला. हा साधा हब नव्हता, हबाचा थोरला भाऊ म्हणावा असा, चांगला विटेएवढा जड डॉक होता. बाई तो स्वतः घेऊन आली, स्वतः जोडला आणि हाताची घडी घालून भिंतीपाशी उभी राहिली.

"जा तुम्ही. मी बघतो," कानपिळ्या म्हणाला.

"आज बघूनच जाणार."

त्यानं हेडफोन चढवले. जाड आला. मधला आला. बारीक... नाही. त्यानं बटण तीनदा दाबलं. मग हेडफोन न काढताच हसला. ते हसू बघून कुणाच्याही तळपायाची आग मस्तकात गेली असती. "उचला. हाही गेला."

बाई जागची हलली नाही. तिनं पर्समधून नखाएवढी एक पिन काढली. मोठं तोंड लहान करणारी, कुठल्याही मोबाइलच्या दुकानात मिळते तसली. डॉक लॅपटॉपपासून सोडवला, डब्याची वायर त्यातून उपटली, तिला ती पिन लावली आणि सरळ लॅपटॉपमध्ये खुपसली. "आता मध्ये हब नाही. दाबा."

त्यानं दाबलं. काही ऐकू आलं नाही. "मग लॅपटॉपच भिकार आहे," तो म्हणाला, पण आवाजातला जोर जरा उतरला होता.

तेव्हा बाईनं एकोणतीस वर्षांत कुणी केलं नव्हतं ते केलं. त्याच्या डोक्यावरचे हेडफोन काढून घेतले आणि स्वतःच्या कानांवर बसवले. डोळे मिटले. "दाबा."

त्यानं दाबलं. तिचा हात वर गेला.

तो थांबला. हात खाली आला. त्यानं पुन्हा दाबलं, हात पुन्हा वर. मग त्यानं चोर पकडायची सगळी हत्यारं काढली. मध्येच खूप वेळ थांबला, लागोपाठ दोनदा दाबलं, दाबल्यासारखं करून दाबलंच नाही. बाईचा हात एकदाही चुकला नाही.

"शिट्टी वाजतेय," ती डोळे न उघडता म्हणाली. "चांगली स्पष्ट."

कानपिळ्यानं बटणावरचं बोट उचललं. जुन्या यंत्राची ती पट्टी त्याला आठवली. रोज सकाळी तो स्वतःच दाबायचा आणि स्वतःच ऐकायचा. पट्टी टक करायची, बोटाला कळायचं की सूर गेला, आणि कान म्हणायचा, आला. किती वर्षं? पाच? आठ? लॅपटॉपचं बटण टक करत नव्हतं, एवढाच काय तो फरक. दुसऱ्यांच्या कानातली अंदाजपंचे लबाडी एका क्षणात ओळखणाऱ्या माणसाला स्वतःच्या बोटानं रोज सकाळी गंडवलं होतं.

"आत बसा," बाई म्हणाली.

"तुम्हाला काय येतं यातलं?"

"बटण दाबता येतं. बसा आत."

तो केबिनमध्ये जाऊन बसला. का बसला ते त्यालाही सांगता आलं नसतं. काचेपलीकडे बाईचं बोट दिसत होतं. जाड सुरांना त्याचा हात बरोबर वर गेला. मग तिनं शेवटून दुसरं बटण दाबलं. कानात काहीच नव्हतं, पण बोट हललेलं दिसलं, आणि त्याचा हात आपोआप वर गेला. पुन्हा बोट, पुन्हा हात. लाजेनं त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या, तरी हात जातच होता.

बाईनं बोट उचललं आणि माइकवर तोंड आणलं. "पाठ करून बसा, साहेब."

त्याच्या मनात आलं, उठावं, दार आपटावं, हिच्याविरुद्ध वर तक्रार ठोकावी. तक्रारीचा मजकूरसुद्धा सुचला होता. पण बाहेर बाकावर रांग बसलेली होती, तिसऱ्यांदा रजा टाकून आलेली. त्यानं खुर्ची फिरवली. समोर नुसती गालिचा लावलेली भिंत. त्यानं हात मांडीवर ठेवला आणि वाट बघितली. स्वतःचा श्वास ऐकू येत होता, गिळलेली थुंकी ऐकू येत होती. बाकी काही नाही. तिकडे ती दाबत असणार, हे त्याला माहीत होतं. हात मात्र या वेळी त्यानं वर जाऊ दिला नाही.

तो बाहेर आला तोवर बाईनं डॉक पुन्हा जोडून वायर त्यात लावली होती. प्रिंटरनं कागद ओढला आणि डबा ठप्प झाला नाही. कागदावरची रेघ अर्ध्यापर्यंत नीट चालत होती आणि मग विहिरीत पडल्यासारखी खाली गेली होती. असल्या रेघा त्यानं हजारोंनी बघितल्या होत्या, आणि प्रत्येकाला त्यावर काय ऐकवलं तेही त्याला आठवत होतं. बाईनं भांडाराचा फॉर्म त्याच्यापुढे सरकवला. त्यानं लिहिलं, तीन, चार आणि पाच, तिन्ही वस्तू उत्तम, दोष तपासणाऱ्याच्या कानात. सही केली. मग पेन खाली न ठेवताच म्हणाला, "एकशे ऐंशी होतील अजून. दिवसाला वीस घेतले तर. पण रोज सकाळी यंत्र ऐकायला कान पाहिजे. चांगला."

बाईनं फॉर्मची घडी घातली. त्यालाच पुढचं बोलावं लागलं. आयुष्यात त्यानं कुणाकडे काही मागितलेलं नसल्यामुळे त्याला शब्द जुळवायला वेळ लागला. "पाच मिनिटं लागतात. येता का?"

"रांगेसाठी येईन," ती म्हणाली. "तुमच्यासाठी नाही. आणि दाबणारा एक, ऐकणारा दुसरा. शिपाई दाबेल, मी ऐकेन. तेवढा वेळ तुम्ही खोलीत नकोत."

"मी कुठं जाऊ?"

"बाहेर बाक आहे."

दुसऱ्या दिवशी आठला बाई आणि शिपाई आत गेले आणि दार लागलं. बाहेरच्या बाकावर वीस कामगार बसले होते. कानपिळ्या आधी भिंतीला टेकून उभा राहिला, मग टोकाच्या एका कामगारानं जरा सरकून जागा केली तसा बसला. आत सूर वाजत होते की नाही ते त्याला इथून कळायचा प्रश्नच नव्हता.

"काय हो," शेजारच्यानं विचारलं, "आज तरी मशीन चालू आहे ना? की आज पण परत?"

कानपिळ्यानं बंद दाराकडे बघितलं. "मला माहीत नाही," तो म्हणाला. "त्या बाहेर आल्या की सांगतील."