वळिवड्यातले राष्ट्रपती

वळिवडं बघायला आलेल्या पोलिश आजींनी पर्समधून एक जुना फोटो काढला आणि अंगठ्याने हळूच पुसून मला दाखवला. युद्धाच्या काळात कोल्हापूरशेजारच्या इथल्या निर्वासित छावणीत त्या लहानाच्या मोठ्या झाल्या होत्या. फोटोत वर्गातली मुलं होती आणि मागच्या भिंतीवर एका गृहस्थाची तसबीर.

"आमचे राष्ट्रपती," त्या म्हणाल्या. "देश जर्मनांनी घेतला, म्हणून लंडनला असायचे."

"आणि पोलंडमध्ये?"

"तिथे युद्धानंतर रशियाच्या मर्जीतले दुसरे बसले. जगाने त्यांनाच मानलं. पण लंडनलाही एकामागून एक होत राहिले."

माझा पार गोंधळ उडाला. देश एक, आणि राष्ट्रपतींच्या रांगा दोन. एकीकडे जमीन, दुसरीकडे नुसती शपथ. मग राज्य नेमकं असतं तरी कुठे?

"त्यातले खरे कोणते?" मी विचारलं.

"ज्यांच्या तसबिरीवरची धूळ आई रोज पुसायची, ते."

घरी आलो. संस्थान जाऊन जमाना झाला, तरी आमच्या बैठकीत महाराजांची तसबीर आहे. तिच्या काचेवरून बोट फिरवलं. बोटाला धूळ लागली नाही, आणि ती रोज कोण पुसतं, हे मला ठाऊक नव्हतं.