साच्यातले पप्पा

आमच्या घरात पप्पांचा फोटो नाही. कल्याणजवळ मोहन्याच्या चाळीत आमच्या दोन खोल्या आहेत. त्यातल्या बाहेरच्या खोलीत टीव्हीच्या वर वर्षभर नुसता खिळा होता. तो मीच ठोकला होता, पप्पांच्या बाराव्याच्या आदल्या दिवशी. विधींपुरता त्यांच्या कंपनीच्या जुन्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून आणला होता. त्यात नाक कुठलं आणि मिशी कुठली हे सांगावं लागत होतं. तेरावं झाल्यावर आईनं तो कपाटावर पालथा ठेवला आणि विषय संपवला.

विषय कसला संपतोय. पप्पांची मोठी बहीण, माझी आत्या, कल्याणहून महिन्याला एक चक्कर मारते. आली की आधी खिळ्याकडे बघायची, मग आईकडे. "माझा भाऊ एवढा जड झाला का गं? भिंतीला पण पेलवेना?" आई गाऊनवर ओढणी घ्यायची, "लावू की," म्हणायची आणि चहा टाकायची. पाहुण्यांसमोर आई ओढणी अशी घेते की डावं मनगट तिच्याखाली जातं. ते मनगट वाकडं बसलंय. मी दुसरीत असताना ती मोरीत घसरून पडली, असं आमच्याकडे सांगतात.

खरं सांगायचं तर फोटोच्या बाबतीत मी आत्याच्या बाजूची होते. मला आईचा राग यायचा. पप्पा हात उचलायचे हे मला माहीत होतं. चाळीत एका घरातला आवाज चार घरांना जातो, मी तर त्याच घरात होते. पण आमच्याकडच्या सगळ्या वाईट गोष्टी एकाच दिवसापासून सुरू होतात, कंपनी बंद पडली त्या दिवसापासून. तेव्हा मी सातवीत होते. चांगली चांगली माणसं त्या वर्षात बिघडली असं मोहन्यात सगळे म्हणतात, मीही म्हणायचे. गेलेल्या माणसाशी कसलं वैर धरून बसलीयेस, असं एकदा मी आईला तोंडावर बोलले. ती तांदूळ निवडत होती. निवडत राहिली.

मी वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात काम करते. आम्ही फायबरची माणसं बनवतो. साच्यातून निघालेलं माणूस पिवळट, टकलू आणि आंधळं असतं. त्याला कातडीचा रंग देणं, डोळे बसवणं आणि भुवईचा एकेक केस सुईनं रोवणं हे माझं काम. पप्पा असतानाच ठाण्यातल्या एका नव्या संग्रहालयाचं काम आमच्याकडे आलं. बेचाळीसचा उठाव दाखवायचा होता: मोर्चा, लाठीमार, तुरुंग आणि शेवटच्या खोलीत फाशीची कोठडी. आमचे मूर्तिकार, ज्यांना गाळ्यात सगळे काका म्हणतात, ते चेहऱ्यांवरून अडून बसले.

"आपल्या गाळ्यातल्या पोरांकडे बघ," ते मला म्हणाले. "जिम मारून मारून सगळ्यांचे गाल सारखे झालेत. बेचाळीसचा माणूस असा असतो का? मला उपाशी चेहरा पाहिजे."

"माझ्या वडिलांचा घ्या," मी म्हटलं.

पप्पा तोवर आजारानं चिपाड झाले होते. मी त्यांना रिक्षानं गाळ्यात नेलं. जिवंत माणसाच्या चेहऱ्याचा साचा घ्यायचा तर दातांचे डॉक्टर माप घ्यायला वापरतात तसली पावडर पाण्यात कालवून तोंडभर थापतात. भुवयांना आणि मिशीला आधी व्हॅसलीन, वरून प्लास्टरच्या पट्ट्या, नाकपुड्या तेवढ्या मोकळ्या. वीस मिनिटं डोळे मिटून गप्प बसायचं. घाबरल्यासारखं झालं तर दाबायला म्हणून जवळचं कोणीतरी हात धरून बसतं. पप्पांचा हात मी धरला. तो हात मी आयुष्यात एवढा वेळ कधी धरला नव्हता. गार होता, आणि मला वाटायचा त्याहून लहान होता. त्यांनी तो एकदाही दाबला नाही. साचा निघाला, आणि पापण्यांना लागलेलं पांढरं पुसायच्या आधी त्यांनी विचारलं, "मी कोण झालोय ह्यात?"

"फाशी जाणारा," मी म्हटलं.

त्यांना इतका आनंद झालेला मी क्वचितच पाहिला असेल. पोरीनं मला क्रांतिकारक केला, असं ते चाळीत ज्याला त्याला सांगत सुटले. आत्याला तर फोन करून सांगितलं. शेवटच्या दिवसांत मी त्यांना एवढंच सुख देऊ शकले, आणि त्याचा मला फार अभिमान होता.

काकांनी मेणात त्यांचे डोळे उघडले, हनुवटी जरा वर घेतली. मग फायबरचं डोकं माझ्या टेबलावर आलं. पप्पांचे डोळे पिवळे पडले होते, मी स्वच्छ पांढरे बसवले. ओठांच्या डाव्या कोपऱ्यात त्यांची एक कडू मुरड होती, ती मी काकांच्या मागे लागून आधीच बुजवून घेतली होती. आठ दिवस मी त्या डोक्यावर राबले. ते पूर्ण झालं आणि त्याच आठवड्यात पप्पा गेले. पुढचे तेरा दिवस मी घरी होते. कामावर परतले तेव्हा सगळे देखावे पेट्यांत भरून संग्रहालयात गेले होते.

त्या डोक्याचा फोटो माझ्या मोबाइलमध्ये होता. वर्षश्राद्ध झाल्यावर मी तो मोठा करून घेतला, काचेची फ्रेम केली. मागची गाळ्याची भिंत दुकानदारानं कॉम्प्युटरवर काढून टाकली, निळं आभाळ घातलं. पण एकदम भिंतीवर लावायचा धीर होईना. आधी आईला तो पुतळा दाखवायचा, तिचं मन जरा पाघळलं की तिथल्या तिथे पिशवीतून फ्रेम काढून हातात द्यायची, असं मी ठरवलं. मी माझ्या हुशारीवर खूश होते.

एका रविवारी आम्ही कल्याणहून एसटीनं ठाण्यात खोपटच्या स्टँडला उतरलो. बायकांना अर्धं तिकीट म्हणून आई वाटभर खुशीत होती. मांडीवर पिशवी, पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेली फ्रेम. "डबा आणलास का?" आईनं विचारलं. मी हो म्हटलं.

संग्रहालयाच्या दारातच हार घातलेल्या तसबिरींची रांग होती. आईनं चपला काढल्या. पहारेकरी म्हणाला, "मावशी, चपला घालून चालतं इथे." तिनं त्या पुन्हा घातल्या, पण तसबिरींना हात मात्र जोडले. मला धीर नव्हता. तिचे गुडघे दुखतात ही सबब सांगून मी तिला मधल्या खोल्या टाळून बाजूच्या पॅसेजनं थेट शेवटच्या खोलीत नेलं.

तिथे इतर कैद्यांमध्ये पप्पा उभे होते. हात मागे बांधलेले, अंगात जाडं कैद्याचं कापड, मान वर, नजर कुठेतरी लांब. वरून एकच दिवा होता. माझंच काम, पण मला भरून आलं. आई एका कैद्याकडून दुसऱ्याकडे बघत होती.

"ह्यात तुझे पप्पा कुठेत?" तिनं विचारलं.

"आई, हे काय समोर."

"हे?" ती दोन पावलं जवळ गेली. दुसऱ्याच्या घरचं बाळ बघावं तसं तिनं नीट, मान राखून बघितलं. "कान त्यांचे आहेत," ती म्हणाली. मग मला वाईट वाटलं असेल म्हणून, "रंग छान दिलायस हां. मेहनत दिसते."

मी फ्रेम काढली नाही. मनातल्या मनात चिडले होते. तीस वर्षं ज्याच्याबरोबर काढली त्याचा चेहरा ओळखत नाही ही बाई. असा कसा दगड आहे हिच्यात? जाताना मी मुद्दाम पॅसेज सोडला आणि मधल्या खोल्यांतून उलटं निघाले. तिच्या गुडघ्यांचा विचारही केला नाही.

लाठीमाराची खोली अंधारी असते. कोणी आत पाऊल टाकलं की आपोआप दिवे लागतात आणि स्पीकरमधून घोषणा, शिट्ट्या, काठ्यांचे आवाज सुरू होतात. हे मला कामाच्या आराखड्यावरून माहीत होतं. आईला सांगायचं राहिलं.

दिवे लागले. पुढे पाच हवालदार, वर उचललेल्या काठ्या, खाली झेंडा घेऊन पडलेली एक बाई. एवढंच दिसलं, कारण पुढच्या क्षणी आईनं गर्रकन वळून देखाव्याला पाठ केली, माझ्या मानेत हात घातला आणि माझं डोकं खाली ओढून स्वतःच्या खांद्यात दाबलं. मी आता तिच्यापेक्षा वीतभर उंच आहे, मला कमरेत वाकावं लागलं. तिच्या पदराची पिन गालाला टोचली. मधल्या पिशवीतली फ्रेम बरगडीत रुतली.

"आई, पुतळे आहेत," मी म्हटलं.

"माहितीये," ती म्हणाली. पण आवाज थांबेपर्यंत तिनं मला सोडलं नाही.

मी तिच्या खांद्यावरून बघत होते. आधी लक्ष गेलं ते भुवयांकडे, घाईत रोवलेल्या, एकीकडे दाट, एकीकडे विरळ. कोणी केल्या ह्या, असं मनात आलं. मग उजवीकडून दुसऱ्या हवालदाराचे कान दिसले, पप्पांचे. मी सुट्टीवर असताना चेहरे कमी पडले असणार आणि काकांनी तोच साचा पुन्हा वापरला असणार. धंद्यात हे चालतं, मीही कितीदा केलंय. ह्या वेळी त्यांनी दात आवळलेले दाखवले होते, नाकपुड्या फुगवल्या होत्या, आणि ओठाच्या डाव्या कोपऱ्यातली मुरड तशीच ठेवली होती. बुजवा म्हणायला मी तिथे नव्हते.

आई वळली. पदर सारखा केला आणि त्या हवालदाराकडे बराच वेळ बघत राहिली.

"असे दिसायचे," ती म्हणाली. "हा बरोबर झालाय."

मला काहीतरी बोलायला हवं होतं, म्हणून माझ्या तोंडून तेच निघालं जे कायम निघायचं. "कंपनी बंद पडल्यावर पप्पा—"

"कंपनी चालू होती तेव्हापण," आई म्हणाली. आवाज चढवला नाही. "बोनस आणलेला त्या दिवशीपण."

मग तिनं खाली पडलेल्या बाईकडे बोट दाखवलं. त्या बाईनं काठी अडवायला डावा हात डोक्यावर धरला होता. "हे चुकलंय तुमचं," आई म्हणाली. "हात असा वर नाही घालायचा. मनगट मोडतं. पाठ द्यायची." भाताला पाणी किती घालायचं ते सांगावं, तशी ती सांगत होती. "एकदा मोडलं की कळतं."

ती मोरीत पडली तेव्हा मी दुसरीत होते. कंपनी बंद पडायला अजून पाच वर्षं होती. एवढी साधी वजाबाकी मला इतक्या वर्षांत कधी करावीशी वाटली नाही.

परतीच्या एसटीत आई खिडकीशी डोकं टेकून झोपली. मी पप्पांचा तो चेहरा आठवायचा प्रयत्न करत होते, चिडलेला, हात उचललेला. एकदाही आठवला नाही. आवाज आठवत होते, भांडं पडल्याचा, दाराची कडी आतून लावल्याचा. आणि आईच्या पोटाशी दाबलेलं माझं नाक, साडीला येणारा फोडणीचा आणि साबणाचा वास, अंधार. मला वाटायचं ती मला घट्ट धरून रडतेय, म्हणून हलतेय. माणसांच्या चेहऱ्यांवर माझं पोट चालतं, आणि घरातला हा चेहरा मी कधी पाहिलाच नव्हता. तिनं पाहू दिला नव्हता. त्याच जोरावर मी तिला वैर धरू नकोस म्हणून शिकवत होते. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

घरी आल्यावर मी फ्रेम कपाटावर टाकली, त्या जुन्या फोटोच्या वर, पालथी. पक्कड आणून खिळा काढला. भोकात टूथपेस्ट भरली, सुकल्यावर भिंतीचा रंग लावला. आई भाजी चिरत होती.

पुढच्या महिन्यात आत्या आली. सवयीनं वर बघितलं आणि जागीच थांबली. "आता खिळा पण काढलास?" ती आईला म्हणाली.

"मी काढला," मी म्हटलं. "फोटो नाही लावणार आत्या. तुला भावाला बघायचं असेल तर ठाण्याला जा, संग्रहालयात."

"माहितीये मला. फोन करून सांगितलेलं त्यानं, फाशी जाणारा झालाय."

"त्या खोलीत नको जाऊ. लाठीमाराच्या खोलीत जा. उजवीकडून दुसरा."

आत्यानं आईकडे बघितलं. आई चहा गाळत होती. ओढणी खांद्यावरून खाली घसरली होती, डाव्या हातानं तिनं कप धरला होता, आणि ओढणी वर घ्यायला ती थांबली नाही.