माझा बाप ऐंशीचा नाही

"शर्ट काढ," मॅडम म्हणाल्या.

मी काढला. दुपारची वेळ, क्लबाची जिम रिकामी. आम्ही तिघं कामगार आरशासमोर उभे होतो. मॅडमच्या हातात लाकडी पट्टी. त्या पट्टीनं त्यांनी माझ्या बरगड्या एकेक करून दाखवल्या. रिब्स. मग पोट. झिरो फॅट. मग खांदा. शोल्डर. "बघा, कधी डाएट नाही, कधी ट्रेनर नाही. आमचे मेंबर यासाठी वर्षभर घाम गाळतात." बाकीचे दोघं हसले. मीही हसलो. त्या हसण्याची लाज मला अजून आहे.

कोरपन्याकडच्या एका सिमेंट कारखान्याच्या कॉलनीतला हा क्लब. मशीन पुसायच्या, मेंबरांचे घामेजलेले टॉवेल उचलायचे, हे माझं काम. मेंबरांशी इंग्रजीत बोललं पाहिजे म्हणून क्लबाच्या सेक्रेटरींच्या पत्नी, म्हणजे या मॅडम, आम्हाला शिकवायच्या. वॉर्म-अप. स्ट्रेच. स्टॅमिना. हार्ट रेट. बारावीला इंग्रजीत गचकलेला माणूस मी. तरी जेवताना घोकायचो, झाडू मारताना घोकायचो. परीक्षा पास झालो की नोकरी पक्की होणार होती. पक्क्या नोकरीवर बापासाठी कारखान्याच्या दवाखान्याचं कार्ड मिळणार होतं.

ते कार्ड मला कसंही करून पाहिजे होतं. बापाला दम लागत होता. घरापासून तलावाच्या पाळीपर्यंत जायला तो तीनदा बसायचा.

आम्ही चिमूरकडचे ढिवर, तलावात मासे धरणारे. बापाची उमर छातीभर पाण्यात गेली. हिवाळ्यात पहाटे जाळं ओढायचं. तळाला जुनी खोडं आहेत, त्यात जाळं अडकलं की बुडी मारून सोडवायचं. पावसाळ्यात दुसऱ्याच्या बांधीत, चिखलात वाकून धानाचा रोवणा. चाळिशीतच त्याचे केस पांढरे झाले, दात पडले, गाल आत गेले.

आमच्याकडं म्हातारी माणसं वय सालानं सांगत नाहीत, तलावावरून सांगतात. आधारच्या शिबिरात बाप म्हणाला, "तलाव फुटला, त्या साली झालो." आमचा तलाव दोनदा फुटला आहे. बाप दुसऱ्या फुटीचा. लिहिणाऱ्यानं रांगेतल्या एका बुढ्याला साल विचारलं, त्यानं पहिल्या फुटीचं सांगितलं. बाप बसल्या जागी पंचवीस वर्षांनी म्हातारा झाला. लिहिणाऱ्यानं त्याच्याकडं एकदा पाहिलं आणि लिहून टाकलं. शंका यावी असं बापाच्या तोंडावर काही उरलंच नव्हतं.

घरी आम्ही त्यावर हसलो होतो. मग बापाला डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरनं आधार कार्डावरचं वय पाहिलं आणि म्हणाला, "ऐंशी झाली बाबा. आता दम लागणारच." छातीला नळीसुद्धा लावली नाही. खोकल्याची बाटली दिली.

पक्क्या नोकरीच्या फॉर्मला मी बापाचं तेच आधार कार्ड जोडलं. मॅडमनी वाचलं आणि त्यांचे डोळे चमकले. "एटी? आणि अजून फिशिंग करतात?"

मी हो म्हणालो. खरं सांगितलं असतं तर फॉर्म अडकला असता. भ्यालो मी.

क्लबात वेलनेस डे होता. दीर्घायुष्यावर बोलायला नागपूरहून पाहुणे येणार होते. मॅडमनी मला नवा शब्द दिला, लॉन्जेव्हिटी. सोबत चार वाक्यं. माय फादर इज एटी. ही इट्स फिश. ही वर्क्स इन नेचर. ही हॅज नो स्ट्रेस. "वडिलांना घेऊन ये, त्यांचं जाळंही आण. स्टेजवर हे नीट बोललास की पास. हीच तुझी परीक्षा."

बाप बसनं आला. धुतलेलं धोतर नेसून, खांद्यावर फेकजाळं घेऊन. हॉलमध्ये गार हवा आणि पायाखाली गालिचा. पहिल्या रांगेत त्रेसष्ट वर्षांचे एक साहेब बसले होते. रोज जिममधल्या फिरत्या पट्ट्यावर पाऊण तास पळायचे, त्यांचा टॉवेल मी उचलायचो. माझ्या बापापेक्षा आठ वर्षांनी मोठे. त्यांनी बापाला हाक मारली, "बाबा, जाळं फेकून दाखवा."

गालिच्यावर जाळं फेकायचं. बाप माझ्याकडं पाहू लागला. फेका म्हणून मी मान हलवली. मी हलवली, दुसऱ्या कोणी नाही.

त्यानं जाळं उचललं, कंबर वळवली आणि मधेच थांबला. तोंड उघडं, हवा आत जाईना. जाळ्याच्या कडेची शिसं गालिच्यावर पडली आणि बाप टोंगळे टेकून खाली बसला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, तो नमस्कार करतो आहे. पाहुणे माइकवर म्हणाले, या वयात ही लवचीकता बघा.

मग माइक माझ्या हातात आला.

"माय फादर इज फिफ्टी-फाइव्ह," मी म्हणालो.

"एटी," मॅडम खालून म्हणाल्या. "पाठ केलेलं बोल."

"पंचावन्न. पाण्यात उभं राहून राहून असा झाला. त्याचा दम कोंडून राह्यला अन् तुमी टाळ्या वाजवून राह्यले."

साहेब मनगटावरच्या घड्याळाकडं बघत बसले. मी बापाला उठवलं, जाळं गोळा केलं आणि मागच्या दारानं बाहेर पडलो.

बसस्टँडच्या बाकावर बाप बराच वेळ श्वास जमवत होता. मग म्हणाला, "काऊन बोल्ला बाबू? कारड भेटलं असतं."

"तुमी पंचावन्नचे हा, बाबा."

"मले त ऐंशीचंच वाट्टे."

मला रडू फुटलं. भर स्टँडवर रडलो.

दुसऱ्या दिवशी नोकरी गेली. फॉर्म परत आला. घरात आता बापाच्या छातीतला आवाज तेवढा आहे. बायको विचारते, खरं बोलून काय कमावलं. बाप वाचेल की नाही, तेही मला माहीत नाही.

पण उद्याच्या पहिल्या बसनं मी त्याला गडचिरोलीच्या सरकारी दवाखान्यात नेतो आहे. खिडकीवर पंचावन्न सांगीन. आधार कार्डाचं विचारलं तर कार्डावरचं वय खोटं आहे म्हणीन. डॉक्टर म्हणाला वय झालं, तर मी उठणार नाही. मराठीत सांगीन, ऐकलं नाही तर इंग्रजीत सांगीन, घोकलेले सगळे शब्द वापरून सांगीन. माझ्या बापाचं वय झालेलं नाही, त्याला आजार झाला आहे. त्याची छाती तपासल्याशिवाय मी तिथून हलणार नाही.