पहिल्या आंघोळीचा मान

माझी वहिनी सुमिए लग्न होऊन घरात आली तेव्हापासून टबात सगळ्यांच्या शेवटी उतरायची. आमच्याकडे रीतच ती. अंग बाहेर धुऊन घ्यायचं आणि त्या एकाच गरम पाण्यात एकेकाने बसायचं. आधी घरचा कर्ता, म्हणजे माझा भाऊ कात्सुजी, मग आई, मग मी आणि पोर, आणि पाणी कोमट झालं की सून. वहिनीने कधी तोंड वाकडं केलं नाही. आरिआकेच्या खाडीवर नोरी वाळवणाऱ्या घरात सुनेला तेवढी सवड असते कुठे! हिवाळाभर गारठलेल्या पाण्यात ते समुद्राचं शेवाळ धुवायचं, चिरायचं, चौकटींवर कागदासारखं पातळ पसरायचं. वर आईच्या जिभेला हाड नाही. "सुनबाई, ही नोरी की गोधडी?" एवढं ऐकल्याशिवाय वहिनीचा दिवस मावळत नसे. ती हसायची, पण हात तिचे कधी स्वस्थ नसत.

त्या हिवाळ्यात तिला ताप येऊ लागला, मानेत गाठी आल्या. शहरातल्या इस्पितळात एक गाठ काढून तपासली. मग डॉक्टरांनी आईला आणि कात्सुजीला वेगळ्या खोलीत नेलं. गाठींचा कॅन्सर, पुढचा हिवाळा काही दिसायचा नाही. असलं काही तेव्हा रोग्याला सांगत नसत, घरच्यांनाच सांगत. वहिनीला म्हणाले, "साधी सूज आहे. आपोआप बसेल."

घरी आल्या आल्या आई म्हणाली, "सुमिए, दमली असशील. आज पहिली आंघोळ तू कर."

वहिनीने टॉवेल उचलला. मग कात्सुजीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि आत गेली. दुसऱ्या दिवशी आईने लाकडी पेटीतलं खरबूज आणलं. तसलं महागाचं खरबूज आमच्या घरात एकदाच आलं होतं, आजोबा जायच्या आधी. मला आईचा इतका संताप आला! लपवायचंय तर धड लपव ना.

वहिनीने कुणाला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. तिने मुलीला, चार वर्षांच्या चिझुला, स्वतःची बटणं लावायला शिकवायला घेतलं. एकदा मी दाराशी होते, तर आतून वहिनीचा आवाज आला, "आत्याला एकदा आई म्हणून बघ बरं."

"नको. आत्या खेकसते."

मी तशीच अंगणात गेले आणि चौकटींच्या रांगांमधून येरझारा घालत राहिले. मला चिझुची आई व्हायचं नव्हतं. मला माझी वहिनी हवी होती.

जहाल औषधं सुरू व्हायच्या आधीच इस्पितळातून फोन आला. गाठीचा तुकडा दुसऱ्या एका डॉक्टरांनी पाहिला होता. कॅन्सर नव्हे, हुबेहूब तसा दिसणारा दुसराच आजार. बहुतेक तरुण बायकांना होतो, आणि काही महिन्यांत आपला आपण जातो. पुढे त्याला आमच्याच मुलखातल्या डॉक्टरांचं नाव मिळालं, किकुचीचा आजार. तेव्हा तो फारसा कुणाला ठाऊक नव्हता.

कात्सुजी अनवाणीच धावत आला. "अगं, साधी सूज आहे! आपोआप बसेल!"

"हो, ठाऊक आहे मला," वहिनी म्हणाली आणि तिनेच त्याचे डोळे पुसले. "तुम्ही नका हो जिवाला लावून घेऊ."

काय करावं माणसाने? खोटं सांगताना जे शब्द वापरले, खरं सांगायलाही तेच उरले. डॉक्टरांनी समोर बसवून समजावलं, तर त्यांनाही तिने वाकून नमस्कार केला आणि घरी येऊन आपले किमोनो चिझुसाठी बांधायला घेतले. ताप उतरला, गाठी बसू लागल्या, पण भात अर्धा टाकायची. अशी माती झाली असती तिची, धडधाकट असून.

शेवटी मी आईवर उखडले. "तुझं गोड बोलणंच तिला मारतंय!"

"मग काय शिव्या देऊ आजारी पोरीला?"

"दे! तुला काय शिकवायला हवंय?"

आई चिडली, दिवसभर माझ्याशी बोलली नाही. संध्याकाळी वहिनी रोजच्यासारखी टॉवेल घेऊन निघाली, तशी आई न्हाणीच्या दारात ठाण मांडून बसली. दोनदा खाकरली.

"कुठे निघालीस महाराणी? पहिली आंघोळ घरच्या कर्त्याची. आणि आज पसरलेली नोरी पाहिलीस? नुसत्या गोधड्या! महिनाभर लाड काय केले, डोक्यावरच बसलीस. शेवटी जायचं, आधी जायचीस तसं!"

वहिनी तिच्या तोंडाकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "खरंच का, आई?"

"मग काय खोटं सांगते मी?"

त्या दिवशी वहिनी सगळ्यांच्या शेवटी टबात उतरली. थोड्या वेळाने आतून हुंदके येऊ लागले, मोठमोठ्याने, पोरासारखे.

"काय झालं गं?" आई बाहेरून ओरडली.

"पाणी गार आहे, आई."

"मग? सुनेला गरम कुणी ठेवलंय?" असं म्हणत आई मागच्या दारी धावली, आणि टबाखालच्या चुलीत लाकडं सारू लागली.