द्रौपदाबाईंचं मौन

बोदवडच्या जिनिंगमध्ये कापूस निवडणाऱ्या बायांत द्रौपदाबाईंच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. नळावर त्या आल्या की बाया आपणहून हंडा बाजूला घेत.

सत्त्याऐंशीच्या वर्षावासात, पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, बुद्धविहारात रोज ग्रंथवाचन चालू होतं. पंचशीलातलं चौथं शील सांगताना लोटन गुरुजी म्हणाले, खोटं न बोलणं एवढ्यावर ते संपत नाही. लागेल असं बोलणं, चुगली, वायफळ बडबड, हेही टाकायचं. द्रौपदाबाई विचार करत घरी आल्या. हे सगळं वजा केलं तर आपल्याजवळ बोलायला उरतं काय? त्यांनी ठरवून टाकलं, वर्षावास संपेपर्यंत, आश्विन पौर्णिमेपर्यंत तोंडच उघडायचं नाही.

घरात सून यशोदा, साक्रीकडची, लग्नाला जेमतेम सहा महिने झालेली. मौनाचं तिला कुणी सांगितलंच नाही. सासू नुसत्या खुणा करी, ताट पुढे ओढी, उठून जाई. यशोदाला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. एकदा भाकरी करपली. सासूनं ती मुकाट्यानं खाल्ली, तेव्हा तर पोरीचं अवसानच गेलं.

नवव्या दिवशी तिचा भाऊ भटू भेटायला आला, तर तिनं माहेरी जायला पिशवीच भरली. ओसरीत बसलेल्या द्रौपदाबाईंना आतलं सगळं ऐकू येत होतं.

"सासू वरडे तवय बरं व्हतं, भाऊ. आते ती मन्हासंगे बोलसच नही. मी तिना मनमधून उतरी गयी."

द्रौपदाबाईंच्या ध्यानात आलं. एक वाकडा शब्द न काढता आपण पोरीला घराबाहेर घालवत होतो. त्या उठून दारात उभ्या राहिल्या. गोड बोलायची सवय नव्हती.

"पोरी, माह्या जिभेला काटे आहेत, म्हणून तोंड बांधून घेतलं होतं. तुझ्यावर राग नाही."

यशोदा खाली मान घालून म्हणाली, "मग त्या दिवशीची भाकरी, आत्याबाई?"

द्रौपदाबाईंना चौथं शील आठवलं. चांगली होती म्हणावं, तर ते खोटं.

"करपली होती. तवा जरा कमी तापव, मी दाखवते. पण तू जाऊ नको. तू आल्यापासून हे घर मला घरासारखं वाटतं."

भटूनं हसून विचारलं, मग पिशवी नेऊ का ठेवू? यशोदानं ती त्याच्या हातातून काढून घेतली.

संध्याकाळच्या गाडीला भटू एकटाच निघाला. यशोदा रस्त्यापर्यंत पोचवायला गेली, आणि गाडी हलता हलता तिनं त्याला सांगितलं, "मायले सांग, सासू बोलनी."