आत्याबाईंचा केअर प्लॅन

मी नर्स आहे. खरं तर 'होते' म्हणायला पाहिजे, पण ते काही केल्या तोंडातून निघत नाही. नांदुऱ्याच्या एका खासगी दवाखान्यात कितीतरी वर्षं ड्युटी केली, वडनेर भोलजीहून रोज जाऊन-येऊन. सकाळी डबा घेऊन हायवेवर उभं राहायचं, थांबेल त्या गाडीत घुसायचं, आणि वॉर्डात शिरलं की घर विसरायचं. मला ते विसरणं फार आवडायचं.

दवाखान्यात माझं नाव होतं ते केअर प्लॅनसाठी. हे काय असतं ते सांगते. प्रत्येक पेशंटमागे आम्हाला एक कागद भरावा लागतो. त्याला त्रास काय आहे, आपल्याला काय साधायचंय, त्यासाठी नर्सने काय काय करायचं, आणि शेवटी ते साधलं की नाही. यातला 'काय काय करायचं' हा जो रकाना, त्याला आम्ही इंटरव्हेन्शन म्हणतो, आणि नव्या पोरींची दांडी नेमकी तिथेच उडते. 'पाठीची काळजी घेणे' एवढं लिहून मोकळ्या. मग मी भडकायची. "काळजी घेणे म्हणजे काय गं? पाठीशी बसून रडणार आहेस? काय करणार, कधी करणार, कसं करणार, कोण करणार, ते लिही!" बिचाऱ्या खालमानेने पुन्हा लिहायच्या. दर दोन तासांनी कूस बदलणे. गुडघ्यांमध्ये उशी ठेवणे. माकडहाडावरची कातडी लाल झाली का बघणे. चादरीला सुरकुती राहू न देणे. तेव्हा कुठे माझं डोकं शांत व्हायचं. अर्धवट काम दिसलं की मला सहनच होत नाही, स्वभावच तसा आहे, काय करणार!

तर आत्याबाई. म्हणजे माझी सासू. एका सकाळी ओट्यावर डाळ पाखडत बसल्या होत्या. उजव्या हातातलं सूप निसटलं, डाळ सगळी अंगणात, आणि तोंड एका बाजूला ओढलं गेलं. मी डबा भरत होते. तो तसाच टाकला, नवऱ्याला हाक मारली, शेजाऱ्याची गाडी काढली आणि थेट आमच्याच दवाखान्यात नेलं. लकवा. जीव वाचला, पण उजवं अंग गेलं, जीभ जड झाली, आणि लघवी झालेली त्यांना कळायची तेव्हा चादर ओली झालेली असायची.

त्यांचा केअर प्लॅन मीच लिहिला. इतका नेटका लिहिला की मेट्रनबाईंनी तो नव्या पोरींना दाखवला. "बघा, इंटरव्हेन्शन असं लिहितात." मीही फुलले. कप्पाळ माझं!

डिस्चार्जच्या दिवशी जो तो नवऱ्याला एकच सांगत होता, "तुम्हाले काय चिंता बाप्पा, तुमच्या घरात तर सिस्टरच हाय." नवरा भला माणूस. हायवेवर त्याचं मोटारपंप दुरुस्तीचं दुकान आहे. तो सगळ्यांना मान डोलावून हसत होता. मेट्रनबाईंनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "दीडेक महिना तुझी जागा मी कशीबशी राखते. त्यापुढे माझ्या हातात नाही गं. वरून विचारतात." मी म्हटलं, "तेवढ्यात मी त्यांना उभं करते, बघाच तुम्ही." मला माझ्या कामावर तेवढा भरवसा होता. तीच तर सगळी पंचाईत झाली.

घरी आणलं आणि मी कामाला लागले. आमचा मुलगा अकोल्याला होस्टेलवर, त्यामुळे घरात आम्ही तिघंच. त्याची खोली रिकामी केली, खाट भिंतीला लावली. सकाळी कोमट पाण्याने अंग पुसायचं, तेल लावायचं, कूस, उशी, मग बसतं करून भरवायचं, कारण आडवं भरवलं की ठसका लागतो. मग पुन्हा कूस. ओलं झालं की लगेच कोरडं. त्या खोलीला वास म्हणून नाही. भेटायला येणाऱ्या बाया आत्याबाईंचं लुगडं बाजूला करून पाठ बघायच्या आणि म्हणायच्या, "काय व माय, अंगाले एक डाग नाई पडू देला सुनेनं! पुण्य कमावून राह्यली पोरगी." मी चहा ठेवायला आत जायची आणि भांडी आपटायची. पुण्य नको होतं मला. मला ड्युटी पाहिजे होती.

बाहेर हायवेवरून गाड्या जायच्या. नांदुऱ्याकडे जाणारी गाडी मला आवाजावरून कळायची असं मला वाटायला लागलं होतं, म्हणजे डोकं किती फिरलं असेल बघा. त्या खोलीत मला कोंडल्यासारखं व्हायचं. दार उघडं असायचं, कोणी हात धरला नव्हता, कोणी एका शब्दाने 'जाऊ नको' म्हणालं नव्हतं. म्हणालं असतं तर भांडले तरी असते! पण काम चांगलं चाललं होतं, आणि चांगलं चाललेलं काम दुसऱ्याने हातात घ्यावं असं कोणाला वाटणार? एकदा रागाने ठरवलं, आज कूस बदलायची नाही. बघू दे घरच्यांना काय होतं ते. स्वयंपाकघरात पाट घेऊन बसले. वेळ टळली. माझेच हात वळवळायला लागले. जखम झाली असती तर ती आत्याबाईंच्या पाठीला झाली असती, नवऱ्याच्या नाही. उठले मुकाट्याने.

मग मी जे वॉर्डात शिकवायची तेच घरी केलं. एक मोठा कागद घेतला, नीट केअर प्लॅन लिहिला आणि कपाटाला चिकटवला. काय, कधी, कसं, आणि कोण. सकाळची आणि दुपारची, म्हणजे माझ्या ड्युटीच्या वेळची कूस नवऱ्याच्या नावावर टाकली. ओलं झाल्यास कोरडं करणे, हेही त्या वेळेला त्याच्याच नावावर. नवऱ्याने वाचलं आणि हसला. "घराचा पार दवाखाना करून टाकला वं तू." पण नाही म्हणाला नाही. मी शिकवलं तसं त्याने खांद्याला आणि कंबरेला हात घातला आणि कूस अगदी बरोबर बदलली. एवढा मोठा पंप उचलणारा माणूस, त्याला काय जड! मला तर वाटलं, सुटले.

मग खालची चादर ओली दिसली. तो थांबला. आत्याबाईंनी डाव्या हाताने लुगड्याचा काठ गच्च धरला आणि जड जिभेने म्हणाल्या, "नोको... पोराले नोको." तो बाहेर आला. "तिले तूच पाह्यजे वं," म्हणाला. आणि त्याला जे हायसं वाटलं ना, ते मी त्याच्या चेहऱ्यावर पाहिलं. इतका संताप आला की हातातला तांब्या फेकून मारावासा वाटला. पण बोलू काय? पेशंटची लाज राखणे हेही इंटरव्हेन्शनच आहे. कितीतरी प्लॅनमध्ये मी स्वतः ते लिहिलं होतं, आणि न लिहिणाऱ्या पोरींना झापलं होतं. गावातली एक बाई ठेवून पाहिली. तिच्या हाताला आत्याबाई तयार होत्या. पण कापसाची वेचणी लागली आणि ती बाई वावरात गेली ती आलीच नाही.

आता एकच वाट उरली होती. आत्याबाईंनी स्वतः कूस बदलायची. निदान तेवढं झालं तर मी सकाळचं सगळं उरकून जाईन, दुपारी नवरा दुकानातून चक्कर मारील, बाकीचं बघू पुढे. खाटेच्या कडेला एक जाड सुती दोर बांधला. डाव्या हाताने तो धरायचा, डावा गुडघा मोडायचा आणि ओढून घ्यायचं. रोज दुपारी मी सराव घ्यायची. "ओढा आत्याबाई, हाव, आणखी थोडं!" त्या थोडंसं ओढायच्या आणि हात सोडून द्यायच्या. "नाई होत." डाव्या हाताने चमच्याने जेवायला लागल्या, वेणी घालताना मान धरायला लागल्या, पण कूस काही वळेना. दीड महिना संपत आला होता. मी त्यांच्यावर ओरडायलाही लागले होते. "तुम्ही मनावरच नाई घेऊन राह्यल्या!" त्या माझ्याकडे नुसत्या बघत राहायच्या.

एका दुपारी दळण टाकून मी मागच्या दाराने घरात आले. चप्पल बाहेर काढली होती, पायांचा आवाज नव्हता. खोलीच्या दारातून आत पाहिलं तर आत्याबाईंनी दोर धरला होता. गुडघा मोडला, एक हिसका दिला, आणि वळल्या की! सहज वळल्या. पाठ खाजवली, लुगडं नीट केलं, आणि दोर धरून पुन्हा उताण्या झाल्या. एकदा जमलं असं नव्हतं ते. रोजचा हात बसला होता.

माझ्यातली नर्स आधी धावली. मी ओरडलेच आनंदाने, "आत्याबाई, तुम्हाले येते!"

त्यांनी दोर सोडला. चोरी पकडल्यासारखा चेहरा झाला. मला कळेना. जवळ बसले, हात धरला. "काऊन सांगतलं नाई तुम्ही?"

एकेक शब्द ओढत त्या म्हणाल्या, "तुले समजलं... त तू जाशीन." मग डाव्या हाताने खालची चादर चाचपली. "मंग मी वलीच... पडून राहीन."

मला राग यायला हवा होता. आलाही. इतके दिवस ही बाई मला फसवत होती. आणि त्याच वेळी रडूही आलं, कारण त्या खोटं बोलत नव्हत्या. मी गेल्यावर दुपारी ओल्या चादरीवर त्या खरंच पडून राहिल्या असत्या. त्यांचा पोरगा दाराशी येऊन परत गेला असता, आणि त्यांनीही त्याला आत येऊ दिलं नसतं. एवढ्या वर्षांत मी कितीतरी इंटरव्हेन्शनं लिहिली असतील, पण याच्यावर काय लिहायचं ते मला सुचेना. मी त्यांचं अंग पुसलं आणि कोणाला काही बोलले नाही. त्याही बोलल्या नाहीत. पुढचे काही दिवस दुपारी सराव घेताना आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचं टाळत होतो.

मग दवाखान्यात तपासणीचा दिवस आला. नवऱ्याने गाडी केली, आम्ही तिघं गेलो. आत्याबाईंना तपासणीच्या खाटेवर घेतलं. मेट्रनबाई पुढच्या महिन्याची ड्युटी लिस्ट हातात घेऊनच उभ्या होत्या. माझं नाव लिस्टच्या शेवटी पेन्सिलीने लिहिलेलं मला दिसलं. डॉक्टरांनी पाठ बघितली, टाचा बघितल्या, "वा, सिस्टर!" म्हणाले. मग आत्याबाईंना म्हणाले, "आजी, स्वतःच्या स्वतः कूस बदलून दाखवा बघू."

आत्याबाई लाकडासारख्या पडून राहिल्या.

"नाही जमत का? हरकत नाही. अजून काही महिने लागतील," डॉक्टर म्हणाले. नवऱ्याने मान डोलावली. मेट्रनबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि माझं नाव खोडायला पेन उघडलं.

"त्यांना येतं," मी म्हटलं. आवाज माझाच होता, पण किती मोठा निघाला! "दोर धरून वळतात. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय."

नवरा माझ्याकडे वळला. "काऊन खोटं बोलून राह्यली वं? माह्यासमोर एकदाबी नाई हालली थे." मेट्रनबाई खाली बघायला लागल्या. त्या सगळ्यांना काय वाटलं ते मला कळलं. सुटायची घाई झालीय हिला. लाजेने माझे कान तापले. मी आत्याबाईंकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळत होतं.

मग त्यांनी डावा हात उचलला. खाटेचा दांडा धरला, गुडघा मोडला, आणि सगळ्यांसमोर वळल्या. भिंतीकडे तोंड, माझ्याकडे पाठ. पाठीवर खरंच एक डाग नव्हता.

"अरे वा, आजी!" डॉक्टर म्हणाले. मेट्रनबाई हसल्या. "मग सोमवारपासून धरू ना तुला?"

मी हो म्हणणार, तेवढ्यात भिंतीकडे बघतच आत्याबाई बोलल्या. इतक्या दिवसांत एवढं सरळ वाक्य त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं.

"आता मले कोरडं कोन करन, थे बी सांगा."

डॉक्टरांनी फोन उचलला आणि ते बाहेर गेले. मेट्रनबाईंचं पेन माझ्या नावावर थांबलं होतं. मी या वेळी तोंड उघडलं नाही. ठरवून उघडलं नाही. आईने विचारलं होतं, पोराने उत्तर द्यावं. मी नवऱ्याकडे बघत राहिले. तो आधी आईच्या पाठीकडे बघत होता, मग फरशीकडे. शेवटी त्याने मान वर केली. आईकडे नाही, माझ्याकडे. डोळे भरलेले होते त्याचे. रागाने नाही, हक्काने नाही, अगदी काकुळतीला येऊन म्हणाला, "तू हाय न वं."